साने गुरुजी : एक हॉस्टेल रेक्टर

साने गुरुजी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? 'श्यामची आई'. शाळेच्या पुस्तकातला एखादा धडा, तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा श्याम, आणि डोळ्यांत पाणी. आपल्या मेसमध्ये एखादा पोरगा घरच्या आठवणीने जरासा हळवा झाला की बाकीचे पोट्टे त्याला लगेच श्याम म्हणून चिडवतात. मी विद्यार्थी असताना या चिडवण्यात सगळ्यात पुढे होतो. पण हाच माणूस सहा वर्षं शाळेत शिक्षक होता, आणि शिकवता शिकवता शाळेचं वसतिगृह सांभाळत होता, म्हणजे आपल्या भाषेत चक्क रेक्टर होता, हे मला पस्तिशी ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तेव्हा मी स्वतः रेक्टर होतो आणि नोकरी सोडायच्या बेतात होतो.

माझं थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी मेकॅनिकलला शिकवतो. मूळचा यवतमाळ जिल्ह्यातलाच, दारव्ह्याकडचा. बी.ई. नंतर दोन वर्षं पुण्यात कंपनीत काढली, मग एम.ई. करून इकडे आलो. रेक्टरचं काम काही मी मागून घेतलेलं नव्हतं, सिनिऑरिटीत नंबर लागला म्हणून ते गळ्यात पडलं. रात्री साडेदहाला हजेरी, मग पाण्याची टाकी, गिझरचे फ्यूज, मेसच्या कच्च्या पोळ्यांची तक्रार, आणि सकाळी पुन्हा पहिलं लेक्चर थर्मोचं. बरोबरचे मित्र गाड्या बदलत होते आणि मी फ्यूज बदलत होतो.

२०२३ च्या पावसाळ्यात एक प्रसंग घडला. रूम तपासणीत दुसऱ्या मजल्यावरची एक खोली फारच घाण निघाली. उष्टं ताट, ओले कपडे, पसरलेली जर्नल्स. मी दंड लावला, वर खोलीचा फोटो काढून हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकला. सगळे हसले. दोन दिवसांनी कळलं की तो पोरगा तीन दिवस तापाने फणफणत पडून होता. घरी सोयाबीन पाण्यात गेलेलं, म्हणून त्याने आजारपण घरी कळवलंच नव्हतं. मी त्या खोलीत उभा राहिलो होतो. मला घाण दिसली, पोरगा दिसला नाही. नियमाप्रमाणे माझं काहीच चुकलं नव्हतं, आणि तरी सगळं चुकलं होतं. त्या महिन्यात मी पुण्याच्या मित्राला फोन करून नोकरीचं विचारलं. राजीनामा टाइप करून ठेवला, तारीख फक्त रिकामी होती.

यवतमाळला जानेवारी २०१९ मध्ये ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हापासून मला संमेलनाची चटक लागलेली. ९७ वं संमेलन फेब्रुवारी २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला होतं. बडनेऱ्याहून रेल्वेने जळगाव, तिथून सुरतच्या लाइनवर अमळनेर. तिथे पुस्तकांच्या स्टॉलवर गुरुजींचं एक चरित्र घेतलं आणि परतीच्या प्रवासात वाचून संपवलं. त्यातला जो माणूस मला भेटला, तो तुमच्यापुढे ठेवतो.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. घराणं खोतांचं, पण वडिलांच्या काळात सगळं ओसरत गेलं. शिक्षणासाठी पोराने दापोली, औंध, पुणे अशी गावं पालथी घातली. पोटाची आबाळ झाली. आपल्यापैकी कितीतरी जण मेसचं बिल भरताना महिन्याचा हिशेब मांडतात, त्यांना ही आबाळ समजावून सांगायची गरज नाही. १९१७ साली आई गेली, तेव्हा हा जवळ नव्हता. तरीही शिक्षण सोडलं नाही. १९१८ ला मॅट्रिक, मग बी.ए., आणि पुढे तत्त्वज्ञान घेऊन एम.ए.

इथून गोष्ट अमळनेरला येते. गावातले गिरणीमालक प्रतापशेठ यांनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर नावाची संस्था काढली होती. निवडक हुशार तरुणांनी तिथे राहावं, वाचावं, चिंतन करावं, आणि त्यासाठी त्यांना विद्यावेतन मिळावं अशी योजना. आजच्या भाषेत रिसर्च फेलोशिप. साने तिथे दाखल झाले. डोक्यावर छप्पर, हाताशी ग्रंथ, समोर ब्रह्म आणि माया. गरिबीतून आलेल्या मुलाला आणखी काय हवं? पण ते तिथे रमले नाहीत. १९२४ साली त्याच गावातल्या शाळेत, जी पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली, ते शिक्षक म्हणून रुजू झाले. सद्गुण म्हणजे काय यावर चिंतन करण्याची जागा सोडून ते दंगेखोर पोरांच्या वर्गात आले.

मला हे वाचून आपला फर्स्ट इयरचा वर्कशॉप आठवला. फिटिंगच्या जॉबमध्ये लोखंडी पट्टीला फाइल मारून काटकोन आणायचा असतो. काटकोनाची व्याख्या सगळ्यांना पाठ असते. पण ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरलं की फट दिसते ती दिसतेच. हाताला फोड आल्याशिवाय तो काटकोन हातात येत नाही. साने तत्त्वज्ञान मंदिरातून शाळेत आले, म्हणजे थिअरीच्या क्लासमधून वर्कशॉपमध्ये आले असं मला वाटतं.

शिकवण्याबरोबर त्यांच्याकडे शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी आली. वसतिगृह १९२४ चं असो की आजचं, पोरं तीच. अंथरुणं तशीच पसरलेली, कपडे मळके, खोलीत कचरा. गुरुजींनी दंड लावला नाही. पोरं शाळेत गेली की ते स्वतः खोल्या झाडायचे, पसरलेलं आवरून ठेवायचे, कुणाचे मळके कपडे पडलेले दिसले तर धुऊन टाकायचे. त्याबद्दल बोलायचे नाहीत. पोरं परत येऊन बघायची तर खोली स्वच्छ. हे कोण करतं हे कळल्यावर पोरांना लाज वाटली, आणि मग हळूहळू झाडू पोरांच्या हातात आला. कुणी आजारी पडलं की गुरुजी उशाशी बसायचे. आई ज्या मायेने करते त्या मायेने करायचे, म्हणून पोरं त्यांच्यात आईच बघायची.

आणखी एक गोष्ट. ते मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. रोज! आपलं हे मॅगझिन वर्षातून एकदा काढताना संपादक मंडळाच्या नाकी नऊ येतात. दिवसभर शिकवून, वसतिगृह बघून, हा माणूस रात्री हाताने लिहायचा आणि सकाळी पोरांना ताजा अंक वाचायला मिळायचा. जगातल्या घडामोडी, थोरांच्या गोष्टी, वसतिगृहातल्याच बारीकसारीक बाबी. पुढे 'विद्यार्थी' नावाचं मासिकही त्यांनी काढलं. हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. त्याचं कुठलं इन्क्रीमेंट नव्हतं. मग कशासाठी?

या प्रश्नापाशी मी अडलो, आणि इथेच थोडं तत्त्वज्ञान येतं. घाबरू नका, व्हायवाला विचारणार नाही. चांगलं वागण्याचा विचार ढोबळमानाने तीन प्रकारे होतो. एक, नियम काय सांगतो ते बघा. दोन, परिणाम काय होतो ते बघा. तिसरी वाट सगळ्यात जुनी, ती ग्रीसच्या ॲरिस्टॉटलची, साधारण तेवीसशे वर्षांपूर्वीची. तो विचारतो की हे काम करता करता तुम्ही कसले माणूस होत आहात? याला सद्गुणांचं नीतिशास्त्र म्हणतात. त्याचं म्हणणं असं की घर बांधून बांधून माणूस गवंडी होतो, तसा धैर्याची कामं करून करून धीट होतो आणि न्यायाने वागून वागून न्यायी होतो. सद्गुण ही माहिती नाही, हाताला लागलेली सवय आहे. आणि सुख म्हणजे शेवटी मिळणारं बक्षीस नाही, असं नीट जगणं हेच सुख.

आपल्या काळातला मॅकिंटायर नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने १९८१ साली 'आफ्टर व्हर्च्यू' या पुस्तकात बुद्धिबळाचं एक उदाहरण दिलं. लहान मुलाला जिंकलास तर खाऊ देतो असं सांगून खेळायला बसवलं, तर जोवर त्याचं लक्ष खाऊवर आहे तोवर संधी मिळाली की ते चिटिंग करणारच, कारण खाऊ चिटिंगनेही मिळतो. पण एक दिवस त्याला खेळातच गोडी लागली की चिटिंग केली तर ते स्वतःलाच फसवतं. पगार, पद, मान हा शिक्षकाचा खाऊ आहे. तो लागतोच. पोट प्रत्येकाला आहे, आणि शिक्षकाने उपाशी राहून त्याग करावा असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पण जे खाऊने मिळत नाही असं काही तरी त्या वसतिगृहात गुरुजींना मिळत होतं. झाडलेल्या खोलीत परत आलेल्या पोराचा चेहरा पगारपत्रकात कुठल्या कॉलममध्ये टाकणार?

आता कुणी म्हणेल, मग सहाच वर्षांत का सोडली शाळा? १९३० साली सविनय कायदेभंग सुरू झाला, आणि गुरुजींनी राजीनामा देऊन त्यात उडी घेतली. ते वर्षच तसं होतं. आपल्या जिल्ह्यात पुसदला १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. वणीत जन्मलेले बापूजीही वकिलीत येण्याआधी काही वर्षं अमरावतीला शाळेत शिकवत होते. खानदेशातला एक मास्तर आणि आपल्या वऱ्हाडातला एक माजी मास्तर, दोघंही एकाच वर्षी कायदा मोडायला निघाले. वर्गात जे सांगितलं ते स्वतः करायची वेळ आली तेव्हा दोघंही घरात बसले नाहीत.

पण गुरुजींनी शाळा सोडली तरी शिक्षक होणं सोडलं नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. अशी अठरा प्रवचनं झाली. ती ऐकता ऐकता उतरवून घेणारा विद्यार्थी कोण, तर साने गुरुजी. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्या हातात आहे ते त्यांच्या लेखणीमुळे. चांगला शिक्षक खाली बसून नोट्स काढायला लाजत नाही, हा माझ्यासाठी मोठा धडा होता, कारण सेमिनारला आम्ही प्राध्यापक मंडळी मागच्या बाकावर मोबाइल बघत असतो. पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. दूर तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतल्या सोबत्यांकडून त्यांची भाषा शिकायला घेतली. भारतातल्या भाषांनी एकमेकींना ओळखावं हे त्यांचं 'आंतरभारती'चं स्वप्न तिथलंच.

ज्यांना हा माणूस रडका वाटतो त्यांनी १९४७ सालचं पंढरपूर आठवावं. विठ्ठलाच्या मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. गुरुजींनी आधी काही महिने महाराष्ट्र पायाखाली घातला, लोकांची मनं वळवली, आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषणाला बसले. विरोध कडवा होता. दहा दिवस उपोषण चाललं, आणि मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं. डोळ्यांत पाणी येणं आणि कणा ताठ असणं या दोन गोष्टी एकाच माणसात असू शकतात. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं.

यापुढचं लिहावं की नाही यावर मी बराच विचार केला. हॉस्टेलच्या मुलांसाठी लिहितोय म्हणूनच लिहितो. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. वय पन्नास. गाडीत हे पान आलं तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो. सद्गुणी माणूस सुखी होतो असं ज्याच्या उदाहरणावरून मी स्वतःला पटवत होतो, त्याचाच शेवट असा? मग आपण कशाच्या जोरावर झाडू हातात घ्यायचा?

याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण एक गोष्ट मला त्याच ॲरिस्टॉटलमध्ये सापडली. तो म्हणतो की प्रत्येक सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो. आपल्याला हे लवकर कळावं. शाफ्ट फार घट्ट बसला तर जळतो, फार सैल बसला तर खडखडतो. फिट नेमकं लागतं, आणि ते प्रत्येक जॉबला वेगळं असतं. देण्यालाही असं माप असतं. दुसऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाच्या उशाशी कुणी तरी बसायला हवं, आणि त्याने बसू द्यायला हवं. गुरुजींच्या शेवटाला मी शौर्य म्हणणार नाही आणि त्याग तर मुळीच म्हणणार नाही. ते एक मोठं नुकसान होतं. ज्या पोरांना त्यांनी आई होऊन वाढवलं त्यांना ते आणखी वीस-पंचवीस वर्षं हवे होते. आपला जिल्हा असा आहे की कापसाच्या गावांत अशा बातम्या नव्या नाहीत, आणि त्यामागे राहिलेल्या घरांची अवस्था आपण डोळ्यांनी पाहतो. म्हणून रेक्टर या नात्याने सांगतो, मन बुडायला लागलं तर माझं दार रात्री दोनलाही वाजवा. मला सांगायचं नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर नोटीस बोर्डावर लावला आहे. तो प्राध्यापकांसाठीही आहे.

परत आल्यावर मी काय केलं? पहिल्यांदा त्या पोराकडे गेलो, उशिराने का होईना, आणि फोटोबद्दल माफी मागितली. त्याने नुसती मान हलवली. सिनेमात होतं तसं काही झालं नाही. मग एका रविवारी सकाळी झाडू आणि फिनाइल घेऊन दुसऱ्या मजल्यावरची वॉश बेसिनं धुवायला लागलो. पोट्ट्यांना वाटलं, सरांना नॅकची कमिटी आली की काय! कुणी व्हिडिओ काढला. मला भयंकर लाज वाटली. मग लक्षात आलं की आपण ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाची डिग्री घेतो त्या गाडगेबाबांनी उभा जन्म हातात झाडू धरला, आणि आपल्याला एका बेसिनची लाज वाटते. तिसऱ्या रविवारी दोन पोरं आली. त्यातला एक तोच होता, तापवाला. आम्ही फारसं बोललो नाही. त्याने बादली भरून आणली.

हे सगळं हॉस्टेलभर पसरलं असं मी सांगणार नाही. परीक्षेच्या दिवसांत बंद पडलं, मग पुन्हा सुरू झालं. अजून एकाच मजल्यावर आहे. पण एक बदल माझ्यात झाला तो मला दिसतो. आता रूम तपासणीला गेलो की मी आधी कॉटकडे बघतो, मग जमिनीकडे. कोण झोपलंय, का झोपलंय, जेवलाय का. हे आधी मुद्दाम आठवून करावं लागायचं, आता आपोआप होतं. फाइल मारून मारून हात बसावा तसं. ट्राय स्क्वेअर लावला तर फट अजून आहे, पण थोडी कमी झाली आहे.

राजीनामा अजून कॉम्प्युटरमध्ये आहे. तारीख टाकलेली नाही. पुण्याच्या मित्राचा पगार ऐकला की पोटात कालवाकालव होते ती होतेच, खोटं कशाला बोलू? पण रात्री साडेदहाला हजेरी घेताना, एखादं नाव पुकारल्यावर आवाज आला नाही की मी आता नुसती ॲबसेंटची खूण करून पुढे जात नाही. रजिस्टर मिटतो आणि जिना चढतो.